सोने ओळखण्याचे काम यंत्राला सांगू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहतो. गेल्या उन्हाळ्यात हौस म्हणून साधा व्हीएलएफ (अगदी कमी फ्रिक्वेन्सीवर चालणारा) मेटल डिटेक्टर घेतला. बागेत आणि कोरड्या वाळूत छान चालतो, पण ओल्या वाळूवर नेला की नुसता बोंबलतो. ओळखीचे सांगतात, पल्स इंडक्शन (पीआय) घे. घ्यावा का? पाण्यात नेता येतो का? त्यात सोने वेगळे ओळखता येते का? आणि डिसेंबरात रत्नागिरीला जाताना बरोबर न्यावा का?"

सोने ओळखण्याचे आधी सांगतो, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. नाही ओळखता येत. पीआय यंत्राला गंजका खिळा, बाटलीचे झाकण, केसांची पिन आणि बावीस कॅरेटची अंगठी सारखीच लाडकी. ज्याला हे चालणार नाही त्याने आपले पैसे वाचवावेत. मी सतरा वर्षे जर्सी शोअरवर, म्हणजे इथल्या अटलांटिक किनाऱ्यावर, पीआय घेऊन फिरतो आहे, आणि त्याच्या आधीची दोन वर्षे तुमच्यासारखाच व्हीएलएफवर चिडत होतो. तेव्हा दोन्ही बाजूंचे सांगू शकतो.

तुमचे यंत्र बिघडलेले नाही. व्हीएलएफची कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची तारेची चकती, सतत एका ठरावीक फ्रिक्वेन्सीची लहर सोडत असते आणि परत येणारी लहर किती रेंगाळली यावरून खाली कोणता धातू आहे याचा अंदाज बांधते. कोरडी वाळू या बाबतीत मुकी असते. समुद्राच्या पाण्यात मात्र लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असते आणि ते पाणी वीज वाहून नेते. त्यामुळे ओल्या वाळूचा अख्खा थर यंत्राला चॉकलेटच्या चंदेरी कागदासारखा दिसतो. दुखणे असे की बायकांच्या नाजूक अंगठ्याही त्याच घरात बसतात. मीठ गप्प करायला डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते सिग्नल गाळण्याची सेटिंग, वाढवले की अंगठीही गप्प. त्यात काळी वाळू आली तर अजून पंचाईत, कारण तिच्यातल्या चुंबकीय खनिजांचा परिणाम मिठापेक्षा वेगळ्याच दिशेने जातो. जमिनीचा परिणाम वजा करणारे ग्राउंड बॅलन्सचे बटण एक आणि भांडणारी मंडळी दोन. एकाला शांत करावे तर दुसरा उठून बसतो.

पीआयची तऱ्हा वेगळी आहे. देवळातली घंटा आठवा. टोला देऊन हात काढला तरी नाद घुमत राहतो. त्याच हाताने मातीच्या मडक्यावर टिचकी मारली तर आवाज होतो आणि तिथेच मरतो. पीआय यंत्र कॉइलमधून विजेचा एक छोटा झटका सोडते, तो एकदम तोडते आणि मग काही मायक्रोसेकंद कान बंद करून बसते. त्यानंतर ऐकते. खारट पाण्यातला प्रवाह तोवर जवळजवळ विझलेला असतो. वाळूतली काळी खनिजे चुंबकीय असली तरी फारशी वीजवाहक नसतात, त्यामुळे त्यांचाही नाद फारसा उरत नाही. अंगठीत मात्र गोल फिरणारा प्रवाह अजून चालू असतो. तेवढाच ऐकू येतो. हे सेकंदाला काहीशे ते काही हजार वेळा घडते आणि त्या सगळ्याची सरासरी तुमच्या कानात गुणगुणते.

यातूनच पीआयची ताकद आणि खोड दोन्ही निघतात. मिठाकडे आणि वाळूकडे दुर्लक्ष करता येत असल्याने ते खोल जाते. मध्यम आकाराची पुरुषी अंगठी फूटभर खोलीवर मला नेहमी मिळते, कधी त्याहून खाली. पण नाद किती वेळ टिकला यावरून धातू ठरवता येत नाही. जाड सोने आणि पातळ ॲल्युमिनियम सारखेच टिकतात, आणि लोखंड तर सगळ्यांना पुरून उरते.

ज्या यंत्रावर पल्स डिले बदलता येतो त्यावर लोक एक चलाखी करतात. डिले वाढवायचा, म्हणजे कान उशिरा उघडायचे, म्हणजे चंदेरी कागद आणि पातळ कचरा ऐकूच येणार नाही. खरे आहे. फक्त त्या कचऱ्याबरोबर नाजूक अंगठ्या, कानातल्या रिंगा आणि साखळ्याही जातात. मी डिले १० मायक्रोसेकंदांच्या आसपास ठेवतो. लाटा कॉइलवरून जाताना यंत्र कुरकुरायला लागले तर थोडा वाढवतो, १५ च्या पुढे सहसा जात नाही. मोठी कॉइल आणि अगदी कमी डिले असा जोड केला तर पीआयलाही मीठ ऐकू येते, हे लक्षात ठेवा. "पीआयला मिठाचा त्रासच नाही" असे सांगणाऱ्याने बहुधा ते गुडघाभर पाण्यात चालवलेले नसते.

बाकीची बटणे कमी असतात, हे एक सुख. थ्रेशोल्ड म्हणजे मागे सतत चालणारी बारीक गुणगुण. ती रात्री खोलीत एकच डास असावा इतकी ठेवा, म्हणजे जेमतेम ऐकू येईल. पूर्ण बंद केलीत तर खोलवरच्या वस्तू गेल्याच, कारण त्या बीप देत नाहीत, त्या गुणगुणीला जरासा उंचवटा देतात. संवेदनशीलता सगळे नवशिके शेवटपर्यंत फिरवतात. ती यंत्र शांत राहील इथपर्यंतच वाढवायची. विजेच्या तारा, बोर्डवॉकवरचे (किनाऱ्यालगतच्या फळ्यांच्या रस्त्यावरचे) पाळणे आणि दिवे, खिशातला मोबाइल, मनगटावरचे स्मार्ट घड्याळ हे सगळे पीआयच्या कानात ओरडतात. मोबाइल विमान मोडवर टाका. आणि हो, लग्नाची अंगठी आणि कडे घरी काढून या. पहिल्या आठवड्यात मी स्वतःच्याच अंगठीचे सिग्नल खणत होतो, हे बायकोने सगळ्या एडिसनला सांगून झाले आहे.

फिरवण्याची रीत झाडू मारण्यासारखी नाही, पाटा वरवंट्यासारखी आहे: सावकाश, सपाट, दाबात. कॉइल दोन्ही टोकांना उचलली जाता कामा नये, कारण तिथेच खोली जाते. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला मी तीन-चार सेकंद घेतो आणि पुढची फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवतो. लोक किनाऱ्याला समांतर मैलभर चालून येतात आणि म्हणतात काही नाही. मी कधी कधी दोन तासांत घराच्या अंगणाएवढी जागा संपवतो.

यंत्र ओळखत नसले तरी कान थोडे शिकतात. लांबट लोखंड, म्हणजे खिळा किंवा केसांची पिन, कॉइल तिच्या लांबीच्या दिशेने गेली की बहुधा दोनदा वाजते. नव्वद अंशांत फिरून पुन्हा ऐका, आवाज एक झाला तर पिनच समजा. गोल वस्तू कुठूनही एकच गोल आवाज देते. कॉइल थोडी वर उचलली आणि आवाज झटकन गेला तर वस्तू छोटी आहे, उचलूनही राहिला तर मोठी किंवा लोखंडी. बाटलीचे पत्र्याचे झाकण मात्र या सगळ्या परीक्षा पहिल्या वर्गात पास होते. त्याला उपाय नाही, खणा. माझ्या वहीप्रमाणे एका सोन्याच्या अंगठीमागे शंभराहून जास्त खड्डे पडतात, आणि हा चांगल्या वर्षाचा हिशोब आहे.

मग एवढे खणून परवडते कसे? इथे मूळ गोष्ट येते, जी शिकायला मला सहा वर्षे लागली. यंत्र वेगळे करत नाही ते समुद्राने आधीच वेगळे करून ठेवलेले असते.

सराफ बाजारातल्या गटारातली माती धुऊन सोने काढणारे झारेकरी तुम्ही पाहिले किंवा ऐकले असतील. हलके वाहून जाते, जड तळाला राहते. समुद्र हा त्यांचा बाप. साध्या वाळूची घनता पाण्याच्या २.६५ पटीच्या आसपास. ॲल्युमिनियमची २.७, म्हणजे शीतपेयाच्या डब्यांचे कान आणि चंदेरी कागद वाळूबरोबर वाळूसारखेच फिरतात, मऊ भुसभुशीत नव्या वाळूत वर वर बसतात. काळ्या वाळूतले मॅग्नेटाइट ५ च्या वर. शिसे ११.३. चौदा कॅरेट सोने १३ च्या आगेमागे, आपले बावीस कॅरेट १७ च्या वर. म्हणून मासेमारीचे शिशाचे वजन ही माझ्यासाठी सगळ्यात आनंदाची वस्तू. पहिले शिसे मिळाले की मी थांबतो आणि त्या जागेभोवती चौकोन आखतो. दुसरे शिसे आणि काळी झालेली दोन-चार नाणी मिळाली तर डबा खाऊन पुन्हा त्याच चौकोनात येतो. उलट सलग पाच खड्ड्यांत ॲल्युमिनियमच आले तर पीआय बंद करून पन्नास पावले पुढे. तिथली वाळू नवी आहे, जड माल तिच्या खूप खाली दबलेला आहे, कुठलेच यंत्र पोचणार नाही.

काळ्या वाळूचा पट्टा दिसला की व्हीएलएफवाला वळसा घालून जातो. आपण तिथेच जायचे. काळी वाळू जिथे साठली तिथे समुद्राने जड ते ठेवून हलके नेले आहे, हे त्याने स्वतः लिहून ठेवलेले असते. जर्सीच्या किनाऱ्यावर त्यात गार्नेटची जांभळट लाल झाकही दिसते. पीआय घ्यायचे असेल तर या एका कारणासाठी घ्या: जिथे जड माल साठतो नेमके तिथेच ते शांतपणे काम करते.

वेळेचे गणितही तसेच. आमचे आजोबा हर्णैला तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. इथे अटलांटिकवर ते गणित जुळत नाही, प्रत्येक किनाऱ्याचा घड्याळाशी वेगळा करार असतो, म्हणून टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक, बघा. पण आजोबांचा दुसरा भाग इथेही जसाच्या तसा लागू आहे: अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीचे पाणी समुद्रात सगळ्यात आत जाते आणि सप्तमी-अष्टमीच्या भांगाला जागचे फारसे हलत नाही. तेव्हा सुट्टी टाकायची तर उधाणाची टाका. ओहोटीच्या दोन तास आधी पोचा, उतरणाऱ्या पाण्याच्या मागोमाग खाली जा, पाणी फिरल्यावर तासाभरात वर या. त्या दिवशी पश्चिमेचा किंवा वायव्येचा जोरदार वारा असेल तर सोन्याहून पिवळे, कारण तो वारा पाणी टेबलात दिलेल्यापेक्षाही समुद्रात आत ढकलतो.

हिवाळ्यातल्या नॉरईस्टर वादळानंतरचा पहिला उधाणाचा दिवस मी कुणाच्या बारशासाठीही सोडत नाही. लाटा वरची सैल वाळू ओढून नेतात आणि किनाऱ्यावर कमरेएवढी उभी कड तयार होते. त्या कडेच्या पायथ्याशी पाय आपटून बघा. दणका टणक लागला, शंख-शिंपल्यांचा थर किंवा निळसर चिकण माती दिसली, तर खाली जायला आता जागा नाही. जड वस्तू तिथेच अडलेल्या असतात. त्याउलट उन्हाळ्यात संथ लाटा वाळू परत आणून टाकतात, आणि सरकार तर पंपाने आणते. मॉनमथ काउंटीच्या बऱ्याच किनाऱ्यांवर अमेरिकी लष्कराच्या आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने १९९० च्या दशकात आणि पुन्हा २०१२ च्या सँडी वादळानंतर समुद्रातून वाळू उपसून भर घातली. नव्या भरावाखाली जुना किनारा कित्येक फूट पुरलेला असतो. अशा ठिकाणी जुने काही शोधू नका, या उन्हाळ्यात पडलेले शोधा.

तेही कमी नसते. थंड पाण्याने बोटे आक्रसतात, सनस्क्रीनने निसरडी होतात आणि चेंडू झेलायला हात वर जातो. अंगठी कंबरभर पाण्यात पडते, टॉवेलवर नाही. किनाऱ्यापासून पाहिले तर आधी उतार, मग एक पन्हळीसारखा खोलगट पट्टा, त्याच्या पलीकडे वाळूचा दांडा. लोक त्या पन्हळीत उभे राहतात आणि पडलेली वस्तू तिथेच तळाशी जाते. जीवरक्षकांच्या दोन झेंड्यांमधली पन्हळ ही उन्हाळ्यातली सगळ्यात श्रीमंत जागा. अर्थात जीवरक्षक घरी गेल्यावर.

पाण्यात खणणे ही निराळीच मेहनत. त्यासाठी लांब दांड्याचा स्टेनलेस स्टीलचा स्कूप (भोके असलेला डाव) लागतो, हलका ॲल्युमिनियमचा एका हंगामात वाकतो. सिग्नलच्या मधोमध कॉइल ठेवायची, कॉइलला लागून पाय रोवायचा, कॉइल बाजूला करायची आणि बुटाच्या टोकाच्या किंचित मागे स्कूप टेकवून टाचेने दाबायचा. मागे का, तर स्कूप आत जाताना पुढे सरकतो आणि वस्तूच्या डोक्यावर बसला तर ती अजून खाली जाते. उचलून पाण्यातच हलवला की वाळू गळते. स्कूप बाजूला घेऊन खड्ड्यावरून पुन्हा एकदा कॉइल फिरवा: आवाज गेला म्हणजे वस्तू स्कूपमध्ये, राहिला म्हणजे अजून खाली. बुटांत लोखंडी टोपी नको, नाहीतर तीच वाजत राहील.

पाण्याविषयी माझे नियम कडक आहेत. कमरेच्या वर जात नाही. समुद्राकडे पाठ करत नाही, आणि खणताना ती आपोआप होते, म्हणून मुद्दाम सांगतो. एकटा पाण्यात उतरत नाही. गळ्यापर्यंतचे रबरी वेडर (बुटांसकट पाणरोधक विजार) घालून लाटेत जाऊ नका, पाणी शिरले तर उठता येत नाही. थंडीत जाड वेटसूट घाला. पन्हळीत उभे असताना पायाखालची वाळू एका बाजूला सतत सरकत असेल तर ती पाण्याची ओढ आहे, वर या. पाय उचलून टाकू नका, घासत चला. पाकट वाळूत अंग पुरून बसते, तिला आधी चाहूल लागली तर ती निघून जाते.

साखळ्यांचे वेगळे सांगायला हवे, कारण आपल्या लोकांचे फोन मला बहुतेक त्यासाठीच येतात. बारीक साखळी पीआयला जवळजवळ अदृश्य असते. यंत्र साखळी बघत नाही, एकेक कडी बघते, आणि कडीत फिरणारा प्रवाह आपण कान उघडायच्या आत संपतो. तुटलेली अंगठी किंवा उघडी बाळीही तशीच फसवते, तिच्यात वर्तुळ पूर्ण होत नाही. तीन वर्षांपूर्वी लाँग ब्रँचला एका मराठी कुटुंबातल्या ताईंचे मंगळसूत्र पाण्यात गेले. पोहायला शिकणाऱ्या लेकीने गळ्याला मिठी मारली आणि सर तुटली. ताईंना नेमकी जागा आठवत नव्हती, पण त्यांचे यजमान शहाणे: त्यांनी तिथल्या तिथे मोबाइलवर समोरच्या बोर्डवॉकचे दोन फोटो काढून ठेवले होते, एक सरळ, एक तिरपा. त्या दोन फोटोंवरून आखलेल्या रेषा जिथे छेदतात तिथे मी पहिल्या ओहोटीला काही नाही, दुसऱ्या ओहोटीला आठ पिना आणि एक चमचा, आणि तिसऱ्या ओहोटीला एक वाटी काढली. पोकळ असली तरी वाटी म्हणजे पत्र्याचा सलग तुकडा, त्यात प्रवाहाला गोल फिरायला जागा मिळते. पहिल्या वाटीपासून हातभर अंतरावर दुसरी मिळाली. सर आणि काळे मणी गेले ते गेले. तेव्हा पाण्यात काही हरवले तर हातवारे करून जागा आठवत बसू नका, आधी दोन दिशांचे फोटो काढा.

बावीस कॅरेटचा एक फायदा आहे. सोन्यात भेसळ वाढली की वीजवहन झपाट्याने घटते. त्यामुळे एकाच आकाराच्या अंगठ्यांत आपली बावीस कॅरेटची इथल्या चौदा कॅरेटच्या अंगठीपेक्षा जास्त वेळ घुमते आणि पीआयला बरीच सोपी जाते.

कुठे जायचे नाही ते आता. सँडी हूक एडिसनहून जवळ आणि किनारा सुंदर, पण तो गेटवे राष्ट्रीय क्षेत्राचा भाग आहे. राष्ट्रीय उद्यान सेवेच्या जमिनीवर मेटल डिटेक्टर चालवणे गुन्हा आहे, गाडीच्या डिकीबाहेर काढूही नका. तिथे दुसरेही कारण आहे: १८७४ ते १९१९ या काळात लष्कर तिथे तोफांची चाचणी घेत असे आणि न फुटलेले गोळे आजही निघतात. राज्याच्या उद्यानांत आधी कार्यालयात विचारा. गावांच्या किनाऱ्यांवर प्रत्येक नगरपालिकेचा नियम वेगळा, उन्हाळ्यात तर बीच बॅज, म्हणजे किनाऱ्यावर जायचा पास, लागतो. टेकाडांवरच्या गवतात कुठेच खणायचे नाही, आणि किनाऱ्यावर खड्डा उघडा ठेवायचा नाही. लोखंडाविषयी एक सावधानता: २००७ मध्ये लाँग बीच आयलंडवरच्या सर्फ सिटीत समुद्रतळाची वाळू भरावासाठी उपसली तेव्हा तिच्याबरोबर पहिल्या महायुद्धाच्या काळातला टाकून दिलेला दारूगोळा शेकड्यांनी किनाऱ्यावर आला आणि किनारा बंद करावा लागला. पीआय लोखंड टाळत नाही, म्हणून असे काही सापडण्याची शक्यता आपल्यालाच जास्त. गंजलेला, गोलसर, वजनदार नळकांड्यासारखा तुकडा दिसला तर स्कूपने ठोकू नका, जागा लक्षात ठेवा, दूर व्हा आणि ९११ ला कळवा.

सापडलेल्या अंगठीचा मालक शोधणे हा या छंदातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजच्या अंगठ्यांवर संस्थेचे नाव आणि वर्ष कोरलेले असते, आत बऱ्याचदा आद्याक्षरेही. मी चार परत केल्या आहेत. एक बाई रडल्या, एकाने "अरेच्चा, ती होय" एवढेच म्हटले.

रत्नागिरीला न्यायचे का? तांत्रिक उत्तर आणि व्यावहारिक उत्तर वेगळे आहे. तांत्रिकदृष्ट्या पीआयसाठी रत्नागिरीसारखी जागा नाही. मांडवीच्या काळ्या समुद्राला ते नाव पडले तेच मुळी काळ्या वाळूमुळे, आणि काळबादेवीपासून मालगुंडपर्यंतच्या पट्ट्यात इल्मेनाइट हे काळे लोह-टायटॅनियमचे खनिज आहे. एका फ्रिक्वेन्सीचे व्हीएलएफ तिथे रडेल, पीआय बऱ्यापैकी शांत राहील. बऱ्यापैकी अशासाठी की जांभ्याचे गोटे वाळूत मिसळलेले असतात, आणि जांभ्यातल्या काही लोहखनिजांचा नाद झटका तुटल्यावरही थोडा रेंगाळतो. दोन-चार दगड खणलेत की तो आवाज ओळखू येईल: पसरट, कडा नसलेला, कॉइल उचलताच विरणारा.

व्यावहारिक उत्तर मात्र सावध आहे. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची मौल्यवान वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. आणि संरक्षित किल्ल्यांच्या परिसरात, मग तो विजयदुर्ग असो वा सिंधुदुर्ग, यंत्र घेऊन पाऊलही टाकू नका. कालपरवा हरवलेली अंगठी ही निधी नव्हे, पण तीही तुमची नव्हे, तिचा मालक आहे. शिवाय २००८ च्या हल्लेखोरांची वाट समुद्रातून आली होती, तेव्हापासून किनाऱ्यावरची गावे डोळ्यांत तेल घालून असतात. पहाटे कानाला हेडफोन लावून वाळू चाचपणारा अनोळखी माणूस दिसला तर सागर रक्षक दलाच्या मुलांनी चौकशी केलीच पाहिजे. मी एकदा एका नातेवाइकाची हरवलेली पाटली शोधायला नेले होते. आधी पोलीस ठाण्यात जाऊन यंत्र दाखवले, काय हरवले ते लेखी दिले, सरपंचांना बरोबर घेतले. दोन तास शोधायला लागले आणि तीन तास जमलेल्या लोकांना यंत्र समजावून सांगायला. पाटली मिळाली नाही. तुम्हीही असेच कुणासाठी नेणार असाल तर न्या, हौसेखातर फिरायला नको. आणि गणपतीपुळ्याला पाण्यात अजिबात नको, तिथला उतार आणि ओढ दरवर्षी माणसे नेते.

आता घ्यायचा का, ते. तुम्ही मुख्यतः कोरड्या आणि ओल्या वाळूत, गर्दीच्या किनाऱ्यावर, शनिवारची दोन तासांची फेरी मारणार असाल तर पीआय नको. मिनलॅब इक्विनॉक्स, नोक्ता लेजेंड किंवा एक्सपी डीयस २ यांसारखे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारे यंत्र घ्या. ते वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवरची उत्तरे ताडून मीठ वजा करते आणि पडद्यावर आकडाही दाखवते, म्हणजे निम्मे खड्डे वाचतात. कोरड्या वाळूत पीआय नेणे म्हणजे किनारा साफ करण्याचे कंत्राट फुकट घेणे. पण वादळानंतरची कड, काळी वाळू, लोकांनी दहा वेळा पिंजून काढलेली ओली पट्टी आणि कंबरभर पाणी हे तुमचे मैदान होणार असेल, तर पीआयला पर्याय नाही.

नव्यात गॅरेटचा सी हंटर मार्क २ मिळाला तर बघा, तो पाणबुड्यांसाठी २०० फुटांपर्यंत चालतो, म्हणजे आपल्या कमरेची काळजी नाही. त्यातली कचरा टाळणारी सेटिंग वापरू नका, कारण वर सांगितले. व्हाइट्सचा सर्फ पीआय आणि टेसोरोचा सँड शार्क ही जुनी चांगली यंत्रे, पण टेसोरो २०१८ मध्ये आणि व्हाइट्स २०२० मध्ये बंद पडली, त्यामुळे ती वापरलेलीच मिळतील. वापरलेले घेताना बॅटरीचे झाकण उघडून आतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवे डाग आहेत का ते बघा. मी एकदा न बघता घेतले आणि तिसऱ्या दिवशी त्यातून समुद्र बाहेर आला.

घरी आलात की यंत्र नळाखाली गोड्या पाण्याने धुवा, दांड्याचे सांधे खोलून आतली वाळू काढा, ओ-रिंगवर (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर) एक केसही राहिला नाही ना ते बघून सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवा, आणि मगच चहा घ्या. चहानंतर कुणी धूत नाही.

आणि पुढच्या अमावास्येला लाँग ब्रँचला येणार असाल तर जरूर या, फक्त माझ्यापासून पंधरा मीटर लांब. दोन पीआय शेजारी आले की एकमेकांचे झटके ऐकत दोघेही वेड्यासारखे ओरडतात.